आता खोललंच आहे तर

शिडाच्या होडीचा मालक आपल्या इंजिनाविषयी ज्या सुरात बोलतो, त्या सुरात चांगल्या घरातली माणसं फक्त गावाकडच्या गरीब नातेवाइकाविषयी बोलतात. “आहे आपलं एक छोटंसं. बंदरातून बाहेर पडायला बरं पडतं. पुढे काय, वारा!” मी आणि माझा भागीदार आमच्या तीस फुटी होडीतल्या दोन सिलिंडरच्या डिझेलविषयी हेच सांगत आलो. भागीदाराला तर दाखलेही पाठ आहेत. जॉशुआ स्लोकमने १८९५ ते १८९८ या काळात ‘स्प्रे’ नावाच्या होडीतून एकट्याने जगप्रदक्षिणा केली, तिच्यात इंजिन नव्हतं. लिन आणि लॅरी पार्डी हे नवराबायको एकदा पूर्वेकडून आणि एकदा पश्चिमेकडून पृथ्वीला वळसा घालून आले, तेही इंजिनाशिवाय. हे तो प्रत्येक पाहुण्याला सांगतो. फक्त ओरडून सांगावं लागतं, कारण त्या वेळी आमचं इंजिन चालू असतं.

त्याला इलाज नाही. मुंबई बंदरात थंडीच्या दिवसांत सकाळी वारा जवळजवळ नसतोच. तो दुपारी वायव्येकडून सुटतो. तोवर सगळा कारभार भरती-ओहोटीच्या हाती. उधाणाच्या दिवशी पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं-उतरतं आणि जाता-येता वाटेतल्या सगळ्यांना आपल्याबरोबर चला म्हणतं. शिवाय घारापुरीच्या लाँचा, मांडव्याचे कॅटॅमरान, उभी राहिलेली मोठी जहाजं आणि मच्छीमारांची जाळी. स्लोकमला थोर म्हणायला माझी हरकत नाही. पण तो रविवारी सकाळी गेटवेसमोरून बाहेर पडला नव्हता.

तर या इंजिनाचा जीव अडकलेला असतो सी-वॉटर पंपात. मुठीएवढं गनमेटलचं भांडं आणि त्यात सहा पात्यांचं रबरी चक्र, ज्याला इंपेलर म्हणतात. होडीच्या तळातल्या भोकातून समुद्राचं पाणी ओढायचं, हीट एक्स्चेंजरमधून फिरवून इंजिनाची उष्णता त्याच्या गळ्यात घालायची आणि मग धुरासकट मागून बाहेर थुंकायचं, एवढंच त्याचं काम. पाण्यावाचून फिरला तर रबराच्या चिंधड्या व्हायला मिनिट-दोन मिनिटं पुरतात. म्हणून इंजिन सुरू केल्यावर होडीवाला आधी काय करतो, तर मागच्या कठड्यावरून ओणवा होतो. “पाणी पडतंय का?” “पडतंय, पडतंय.” हृदयाची ऑपरेशनं करणारे डॉक्टर, कंपन्या विकत घेणारे शेठ, सगळे रविवारी सकाळी असे ओणवे झालेले मी पाहिले आहेत.

एका रविवारी आमचं पाणी पडेना.

नेहमीची पिच-पिच थांबली आणि एक कोरडा, पोकळ आवाज सुरू झाला. मागे पांढरी वाफ, पुढे अलार्म. भागीदाराने इंजिन बंद केलं आणि “शीड!” अशी आरोळी ठोकली. आम्ही शीड चढवलं. ते लोंबत राहिलं. ओहोटी आम्हाला अगदी सावकाश, घाई न करता प्राँग्ज दीपस्तंभाकडे नेऊ लागली. शेवटी एका मच्छीमार बोटीने दोर टाकला. तिच्या तांडेलाने आमच्या डोलकाठीकडे बुंध्यापासून टोकापर्यंत पाहिलं आणि विचारलं, “येवढी मोठी काठी कशाला ठेवलीय मग?”

भागीदार पार्डी दांपत्याविषयी काही बोलला नाही.

इंजिन बंद पडल्याची बातमी बंदरात इंजिनाआधी पोचते. आम्ही मूरिंगला होडी बांधतोय तोवर शेजारच्या होड्यांवरून डिंग्या निघाल्या. येणाऱ्या प्रत्येकाचं निदान तयार होतं, चहा आमच्याकडचा. एक म्हणाला, थर्मोस्टॅट. दुसरा म्हणाला, बेल्ट. तिसरा डोळे मिटून म्हणाला, “डिझेलमध्ये पाणी.” इंजिन उत्तम चालतं, पाणीच बाहेर पडत नाही, असं सांगितल्यावर तो म्हणाला, “तेच ना, सगळं डिझेलमध्ये गेलं असणार.” चौथ्याने गाळणी उघडली. तीत दुधाच्या पिशवीचा कोपरा, झेंडूच्या पाकळ्या आणि एक भांबावलेला खेकडा निघाला. गाळणी साफ केली, खेकड्याला निरोप दिला, इंजिन जरासं फिरवून पाहिलं. पाणी पडलं नाही. तो गृहस्थ मात्र आजही क्लबात सांगतो की यांचं इंजिन मी दुरुस्त केलं.

मग चीफसाहेब आले. मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले चीफ इंजिनियर. ज्यांच्यावर त्यांनी हयात घालवली ती इंजिनं चार-चार मजली. सिलिंडरचा व्यास मीटरभराच्या आसपास, आणि तपासणीला माणूस क्रँककेसमध्ये उतरून आरामात उभा राहतो. त्यांनी आमच्या जिन्याखालचं कपाट उघडून आत टॉर्च मारला.

“स्टार्टर मोटर दिसली. इंजिन कुठंय?”

“साहेब, हेच इंजिन.”

त्यांच्या चेहऱ्यावरून एक दीर्घ करुणा सरकत गेली.

अडचण अशी, की त्या कपाटात चीफसाहेबांचा खांदासुद्धा जाईना. म्हणून ससून डॉकवरून एक मेस्त्री आणले. मेस्त्री अंगाने सडपातळ आणि तोंडाने त्याहून. कशालाही “होईल” म्हणायचे. चीफसाहेब बाहेर स्टुलावर मॅन्युअल घेऊन बसले, मेस्त्री कपाटात शिरले आणि त्यांचे फक्त पाय बाहेर राहिले. पुढचा सगळा संवाद एक मोठा अधिकारी आणि दोन पाय यांच्यात झाला.

“आधी प्रोसिजर ठरवू.”

“होईल,” पाय म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “साहेब, पंपाच्या खालचं भोक कोणी बुजवलंय?”

इथे जरा तांत्रिक व्हावं लागेल. पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. दांड्यावरचं पाण्याच्या बाजूचं सील झिजलं की खारं पाणी त्या भोकातून बाहेर ठिबकतं, म्हणजे ते पुढे बेअरिंगमध्ये आणि इंजिनाच्या तेलात जात नाही आणि मालकालाही कळतं की आता सील बदलायला हवं. मालकाला कळावं म्हणून ठेवलेलं ते भोक एम-सीलने अतिशय सुबक बुजवलेलं होतं. वरून बोट फिरवून गुळगुळीतही केलं होतं.

आमचा खलाशी अभिमानाने पुढे झाला. “मी बुजवलं, साहेब. मागच्या सीझनला गळत होतं. तेव्हापासून थेंब नाही.”

चीफसाहेब आधीच बसलेले होते, म्हणून पुन्हा बसू शकले नाहीत. त्यांनी इंजिनाच्या तेलाची पट्टी काढून पाहिली. तेल काळंच होतं, दुधाळ झालं नव्हतं, तेवढं नशीब. बेअरिंग मात्र गंजून गेलं होतं, त्यामुळे दांडा डुगडुगत होता आणि डुगडुगत्या दांड्याने इंपेलर खाल्ला होता. मी खलाशाला रागावणार होतो. पण त्या वेळी गळती थांबल्याचं पाहून मीच त्याला बक्षीस दिलं होतं, हे त्याने सगळ्यांसमोर सांगितलं.

पंप काढायचा तर पाणी आत घेणारा नळ, म्हणजे सीकॉक, बंद हवा, कारण पंप पाण्याच्या पातळीच्या खाली. मेस्त्रींनी दांडी फिरवली. ती फिरली. “बंद?” “बंद.” त्यांनी नळी काढली आणि अरबी समुद्र आत आला. दांडी फिरली होती. आतल्या गोळ्याला तिने काही कळवलं नव्हतं.

अशा वेळेसाठी प्रत्येक सीकॉकशेजारी निमुळती लाकडी खुंटी बांधून ठेवायची असते. आम्हीही बांधली होती. भागीदाराने मागच्या पावसाळ्यात पुस्तकात बघून शिकलेली एक शोभिवंत गाठ मारून बांधली होती. ती गाठ सुटेना. नळीच्या तोंडाशी मीच सगळ्यांत जवळ होतो, म्हणून मी त्यात अंगठा घातला. पाणी थांबलं आणि त्याबरोबर सगळ्यांची घाईही थांबली.

“आता शांतपणे विचार करू,” चीफसाहेब म्हणाले. जुनाच पंप खोलून नवं बेअरिंग, नवी सीलं घालायची, की अख्खा पंपच नवा घ्यायचा, यावर चर्चा सुरू झाली. मेस्त्रींचं मत जुना करावा. चीफसाहेबांचं मत नवा घ्यावा. भागीदाराचं मत, नवा लावावा आणि जुना करून स्पेअर ठेवावा, म्हणजे दोन्ही खर्च व्हावेत. मधे चहा आला. मला पिता येईना. “साहेबांना बिस्किट भरवा,” कुणीतरी म्हणालं आणि खलाशाने मला ग्लुकोजचं बिस्किट भरवलं. अंगठा आधी गार झाला, मग माझा राहिला नाही. शेवटी खलाशानेच सुरी आणून दोरी कापली आणि खुंटी ठोकली.

“अरे, गाठ!” भागीदार कळवळला.

पंपाचं झाकण सहा छोट्या पितळी स्क्रूंनी बसवलेलं असतं. या झाकणाचं तोंड इंजिनाच्या नक्की त्या बाजूला असतं, जिकडे माणूस बघू शकत नाही. काम सगळं चाचपून. सहावा स्क्रू मेस्त्रींच्या बोटांतून सुटला आणि टिण टिण करत बिल्जमध्ये गेला. बिल्ज ही होडीच्या पोटातली अशी जागा आहे, जिथे गेलेली वस्तू हरवत नाही, फक्त भेटत नाही. भागीदाराने उत्साहाने दोरीला लोहचुंबक बांधून खाली सोडला. त्याला दोन खिळे, एक वॉशर आणि आमचा दहा नंबरचा पाना मिळाला. या पान्यावरून आम्ही शेजारच्या होडीशी दोन वर्षं अबोला धरला होता. स्क्रू मिळेना.

“पितळेला चुंबक धरत नाही,” चीफसाहेब म्हणाले.

“मग आधी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही रमला होतात.”

झाकण निघालं. सहा पात्यांपैकी दोनच शिल्लक होती. उरलेली चार कुठे गेली असतील हे सांगायला चीफसाहेबांची गरज नव्हती, पण त्यांनी सांगितलं. पाण्याबरोबर पुढे. म्हणजे हीट एक्स्चेंजरच्या बारीक नळ्यांच्या तोंडाशी. म्हणून तो खोलला. आत रबराचे अकरा तुकडे निघाले. एका इंपेलरला सहा पाती, त्यांतली दोन जागेवर. मेस्त्रींनी तुकडे वर्तमानपत्रावर मांडले. काही काळे, काही करडे, एकावर जाड क्षाराचा थर. आमच्या आधीच्या मालकाच्या काळातले, आणि त्याच्याही आधीच्या. दरवेळी कुणीतरी नवा इंपेलर बसवला होता आणि जुन्याची पाती गेली कुठे, हा प्रश्न पुढच्या पिढीवर सोपवला होता.

आणि याच क्षणी चीफसाहेबांनी ते वाक्य उच्चारलं.

“आता खोललंच आहे तर...”

एक्स्चेंजर खोललाच आहे तर आतल्या नळ्यांचा गठ्ठा क्षार काढायला घरी न्या. मी तो सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात बुडवून बाल्कनीत ठेवला. बायकोने वाकून पाहिलं. “ही बादली आता न्हाणीघरात परत येणार नाही,” ती म्हणाली. “आणि लिंबूसत्त्वाचा डबा पण मला नको.” नळ्या मात्र लखलखीत झाल्या. नळ्या निघाल्याच आहेत तर एक्झॉस्टचा एल्बो बघून घेऊ. त्यात काजळी आणि मिठाचं असं काही साचलं होतं की मधून जेमतेम पेन्सिल गेली असती. एल्बो काढलाच आहे तर रबरी नळ्या. नळ्या बदलतोच आहोत तर त्यांच्या पट्ट्या. हात आत जातोच आहे तर इंजिनाखालचे रबरी पाय. सीकॉक तर बदलायलाच हवा होता आणि त्यासाठी होडी पाण्याबाहेर काढायला हवी होती. होडी पाण्याबाहेर काढलीच आहे तर तळाला रंग. जिना काढून ठेवलाच आहे तर केबिनला पॉलिश. दिवाळीनंतर एका मुठीएवढ्या पंपासाठी सुरू झालेल्या कामात संक्रांतीच्या सुमाराला भागीदाराची बायको पडद्याच्या कापडाचे नमुने घेऊन आली. चीफसाहेबांनी त्यांतला निळा पसंत केला.

दरम्यान मी नागदेवी स्ट्रीटला गेलो. मुंबईत जी वस्तू नागदेवीला मिळत नाही ती अजून कुणी बनवलेली नाही असं मानतात. पहिल्या दुकानात मी गंजलेलं बेअरिंग काउंटरवर ठेवलं. त्याच्यावर ६२०३ हा नंबर पुसट दिसत होता. शेठने न बघता, न उठता मागच्या फळीवर हात घातला आणि नवं पुढे ठेवलं. सतरा मिलिमीटरचं भोक, चाळीस मिलिमीटर बाहेरचा व्यास, बारा मिलिमीटर जाडी. जगात कुठेही हाच नंबर, हेच माप.

“कशाला लावायचं?”

“होडीच्या इंजिनाला.”

“अच्छा. माझ्या घरी वॉशिंग मशीनला हेच लावलंय,” शेठ म्हणाले. सागरी जीवनाविषयी माझ्या मनात जे काही उदात्त शिल्लक होतं, त्यातलं बरंचसं मी त्या काउंटरवर सोडून आलो.

इंपेलरचं मात्र जमेना. “बोअरवेलचा चालेल?” “कूलरचा बघा ना.” एका तरुण विक्रेत्याने तर मनापासून सल्ला दिला, “काका, होडीला गाडीचंच इंजिन बसवून टाका. पार्ट कुठेही मिळतात.” इंपेलर आणि नवा पंप शेवटी एजंटाकडून मागवले. किंमत पाच आकडी होती. ती घरी सांगताना मी शेवटचं शून्य जरा हळू उच्चारलं. पंप आला. तो आमचा नव्हता. एजंट म्हणाला, जुना नंबर कंपनीने बंद केला, हा त्याच पंपाचा सुधारित नंबर. सुधारणा अशी, की नळ्यांची तोंडं आता दुसऱ्या दिशेला. म्हणजे नव्या आणलेल्या नळ्या आखूड पडल्या. आणखी नव्या आणल्या. त्या वळायला जागा नव्हती, म्हणून नुकतीच पॉलिश केलेली फळी कापली. “होईल,” मेस्त्री म्हणाले आणि कापताना पहिल्यांदाच गाणं गुणगुणले.

पंपाबरोबर झाकणाचं कागदी गॅस्केट आलं होतं. ते भागीदाराने नीट ठेवलं होतं, म्हणजे सापडत नव्हतं. चीफसाहेब नवं मागवण्याची प्रोसिजर सांगत होते, तेवढ्यात मेस्त्रींनी गॅस्केट पेपरचा एक तुकडा पंपाच्या तोंडावर धरला आणि गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने टुकटुक करत फिरले. कडेला कागद आपोआप कापला गेला, भोकंही जागच्या जागी पडली. दोन मिनिटांत गॅस्केट हातात. चीफसाहेब गप्प झाले. बराच वेळ त्यांनी तो कागद उजेडात धरला आणि मग म्हणाले, “आपल्या कंपनीत असता तर तुम्हाला मी सोडलं नसतं.” मेस्त्री “होईल” म्हणाले नाहीत, लाजले.

इंपेलर बसवताना खलाशी ग्रीसचा डबा घेऊन धावत आला. सगळे एकदम “नाही!” ओरडले. खनिज तेलाने ते रबर फुगतं. मी घरून ग्लिसरीन आणलं होतं, ते लावून पाती एका अंगाला वाकवून इंपेलर आत सरकवला. मग चीफसाहेबांनी एक नियम घालून दिला, जो सगळ्या जगात शहाणे होडीवाले पाळतात: सीकॉक बंद केला की इंजिनाची किल्ली सीकॉकच्या दांडीवर टांगायची. म्हणजे सीकॉक उघडल्याशिवाय कुणी इंजिन कोरडं सुरू करू शकणार नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि किल्ली टांगली.

होडी पुन्हा पाण्यात गेली. चाचणीच्या दिवशी नारळ होता, पेढे होते, किल्ली नव्हती. भागीदाराने स्वतःचे खिसे पाहिले, मग माझे पाहिले. गाद्या उचलल्या. चहाचा डबा पालथा केला. मी बायकोला फोन करून घरातले तीन कप्पे उपसायला लावले आणि चौथ्या कप्प्यात तिला मी तीन वर्षं शोधत असलेली विम्याची पावती मिळाली, तिच्याविषयी आमचं फोनवरच थोडं बोलणं झालं. भागीदार डिंगी घेऊन क्लबावर जाऊन आला. मेस्त्रींनी वायर जोडून किल्लीशिवाय सुरू करून देतो म्हटलं. चीफसाहेब त्याला तयार झाले. तेवढ्यात खलाशी सीकॉक उघडायला खाली वाकला.

“साहेब, ही किल्ली इथं कुणी टांगली?”

इंजिन सुरू झालं आणि आम्ही पाचही जण मागच्या कठड्यावरून ओणवे झालो. कॉकपिटमध्ये कुणी नव्हतं, सुकाणू धरायला कुणी नव्हतं; मूरिंगला बांधलेली होती म्हणून बरं. आधी धूर आला. मग एक खोकला. मग पिच. मग पिच-पिच. मग असा भरघोस फवारा, की भागीदाराच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खारंच होतं, पण कुठलं ते सांगता येणार नाही.

“पडतंय!” खलाशी ओरडला.

आम्ही तशीच दोरी सोडली. दुपार झाली होती आणि वायव्येचा वारा छान भरला होता. बंदरातल्या सगळ्या शिडाच्या होड्या पांढरी शिडं फुगवून, एका अंगावर कलून, आवाज न करता खांदेरीच्या बाजूला निघाल्या होत्या. आम्ही शिडाचं आवरणही काढलं नव्हतं. मांडव्याच्या दिशेने आमची होडी ठक-ठक करत, धूर सोडत, सरळ उभ्या डोलकाठीने चालली होती. मी सुकाणू धरलं होतं. बाकीचे चौघे अजून मागे ओणवे होते.

एक होडी अगदी जवळून गेली. चुंबकाला मिळालेल्या त्या पान्यावरून आमचा ज्यांच्याशी अबोला होता, तेच शेजारी. न राहवून त्यांनीच अबोला मोडला.

“अहो! एवढा वारा सुटलाय! शीड लावा की!”

भागीदाराने मान वर न काढता हाताने त्यांना इकडे बोलावलं. “वारा राहू द्या हो,” तो ओरडला. “पाणी बघा केवढं पडतंय!”